जोरदार इंजिनसाठी कनेक्टिंग रॉड कोणत्या धातूचा घ्यावा

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा तुकडा, इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला की गॅरेजवर एकच निदान होतं: "लय ताकद काढली." बहुतेक वेळा खरा दोषी आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, असतो. पेट्रोल जळतं तेव्हा रॉड दाबला जातो, आणि दाब स्टील मुकाट्याने सोसतं. फोर-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट संपताना मात्र वर पोचलेल्या पिस्टनला थांबवून खाली खेचावं लागतं. त्या क्षणी त्याला वरून रेटणारा गॅस नसतो, सगळी ओढ रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर येते. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. 6,000 चे 7,000 केले की 36 टक्के जास्त.

म्हणून आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) किती मिमी आणि इंजिन जास्तीत जास्त किती फिरवणार. दोन्हींचा गुणाकार करून 30,000 ने भागा. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला इतके मीटर. जुन्या 350 बुलेटचा स्ट्रोक 90 मिमी, 5,500 आरपीएमला 16.5 येतात आणि 6,500 ला 19.5. आरएक्स100 चा स्ट्रोक 50 मिमी, तिला 9,000 ला पळवली तरी 15 च. ढोबळ हिशेब असा की 18 च्या आत असाल आणि कंपनीचा रॉड निरोगी असेल, तर नवीन रॉडचे पैसे चांगल्या बोल्टमध्ये आणि ऑइल पंपात घाला. 20 कडे सरकलात की चांगला फोर्ज्ड (तापवून, दाबून घडवलेला) रॉड हवाच. बूस्ट वाढवलेल्या टर्बो डिझेलचं गणित वेगळं: तिथे कमी आरपीएमला दाब इतका चढतो की रॉड तुटायच्या आधी वाकतो. त्याला रॉडचा मधला दांडा जाड लागतो.

दुसरा प्रश्न बेअरिंगचा, आणि इथेच जास्त लोक फसतात. कारच्या किंवा जीपच्या इंजिनात बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला, शेल (दोन अर्धगोल पट्ट्यांचं साधं बेअरिंग) असते. तिथे निकेल-क्रोम-मॉलीचं 4340 स्टील उत्तम. लेथवाल्याकडे याच जातीचं स्टील ईएन24 नावाने मिळतं. त्याखालचं ईएन19 म्हणजे साधारण 4140. थोड्या वाढवलेल्या इंजिनाला पुरतं. ईएन8 शाफ्टला ठीक, अशा रॉडला नको.

प्रेस-फिट (सुटे भाग दाबून जोडलेल्या) क्रँकच्या बाइकमध्ये मात्र रोलर थेट रॉडच्या भोकात फिरतात, म्हणजे रॉडच बेअरिंगची बाहेरची रिंग असतो. तो पृष्ठभाग 60 एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास कडक आणि आतला गाभा चिवट हवा. त्यासाठी ईएन36 किंवा ईएन353 सारखं केस-हार्डनिंगचं (फक्त वरचा थर कडक करता येणारं) स्टील लागतं. ईएन24 चा रॉड तुटणार नाही, पण रोलर त्यात खड्डे पाडतील आणि बिग एंड खडखडायला लागेल. अशा गाडीला रॉड, पिन आणि बेअरिंगचा पूर्ण किट घ्या.

लेथवर बार कापून रॉड करून देतो असं कोणी म्हणालं तर सावध. फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू रॉडच्या लांबीने वळतात. कापलेल्या तुकड्यात ते आडवे आले तर तडा तिथूनच सुरू होतो. विकत घेतानाही नुसत्या "4340" शिक्क्यावर जाऊ नका. धातू डोळ्यांनी ओळखता येत नाही, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागा.

अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण स्टीलच्या साधारण तिपटीने लवचिक आणि तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगणारं. पिस्टन आणि हेडमधली जागा स्टीलला 1 मिमी पुरते, तिथे याला दीडच्या आसपास ठेवावी लागते. शिवाय हलक्या ताणानेही ते हळूहळू थकतच जातं. ड्रॅग रेससाठी ठीक, रोजच्या गाडीला नाही. गंमत म्हणजे जुन्या कास्ट आयर्न बुलेटला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचाच रॉड आणि बिग एंडला तरंगता (मोकळा फिरणारा) बुश होता, आणि निवांत फिरणाऱ्या इंजिनात तो टिकलाही. टायटॅनियमचा विचार सोडा: महाग, ओरखड्याला नाजूक, आणि कोटिंग गेलं की क्रँकच्या गालाला घासून चिकटतो.

बऱ्याच नवीन कारमध्ये बिग एंडची कॅप (बोल्टने बसणारा खालचा अर्धा भाग) रॉडपासून फोडून वेगळी केलेली असते. तिची तुटलेली बाजू खडबडीत दिसते ती तशीच ठेवा. या कॅपा आपसात बदलता येत नाहीत, घासून भोक लहान करून घेताही येत नाही.

जुना रॉड परत वापरायचा तर वेल्डिंगवाल्याकडची डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणाऱ्या रंगाची) किट आणा. रॉड क्लीनरने पुसून लाल डाय मारा, 10-15 मिनिटं थांबा, कोरड्या कापडाने आणि मग क्लीनर लावलेल्या कापडाने पुसा, थेट फवारू नका. वर पांढरा डेव्हलपर मारा. बोल्टच्या बैठकीजवळ आणि दांडा जिथे बिग एंडला मिळतो तिथे केसासारखी लाल रेघ उमटली तर रॉड भंगारात. नंबर पंचने रॉडवर ठोकू नका आणि पॉलिश करायचं तर लांबीने करा. आडवा ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण.

मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. स्टीलला त्याचं काही नाही, पण तेल पातळ होतं, शेल धरते, आणि मग कितीही भारी रॉड तुटतो. म्हणून 50 मिमीच्या जर्नलला (क्रँकचा शेलमध्ये फिरणारा भाग) 0.05 मिमी फट ठेवा आणि प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून चपट्या होणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या दोऱ्याने, तपासा.

बोल्ट कसण्याआधी मायक्रोमीटरने त्याची लांबी लिहून ठेवा. किटमध्ये मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) ग्रीस सांगितलं असेल तर तेच लावा. इंजिन ऑइल लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट पुरता ताणला जात नाही. पुढे कधी इंजिन उघडाल तेव्हा सुटा बोल्ट पुन्हा मोजा. 0.025 मिमीने वाढला असेल तर तो परत बसवू नका.