जिल्हा परिषदेचा गट कसा पडतो, आणि आपले गाव चुकीच्या गटात गेल्यास हरकत कशी घ्यावी

प्रारूप गटरचना प्रसिद्ध झाली की तहसील कार्यालयाच्या फलकावर गावांची यादी आणि नकाशा लागतो. बहुतेक लोक यादीत आपल्या गावाचे नाव आहे एवढे पाहून परत फिरतात. मग काही आठवड्यांनी आरक्षणाची सोडत निघते, गाव भलत्याच गटात गेल्याचे लक्षात येते आणि निवेदने, मोर्चे सुरू होतात; पण तोवर रचना अंतिम झालेली असते. २०२५ च्या फेरीत प्रारूप १४ जुलैला प्रसिद्ध झाले आणि हरकतींची मुदत २१ जुलैपर्यंतच होती. एवढ्या दिवसांत नकाशा समजून घेऊन, आकडे जुळवून, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून हरकत दाखल करायची असेल, तर गट कसा पाडला जातो हे आधीच माहीत असावे लागते.

सुरुवातीला एक गल्लत दूर केली पाहिजे. आमदार-खासदारांचे मतदारसंघ आणि जिल्हा परिषदेचे गट ही दोन वेगळी कामे असून ती वेगवेगळ्या यंत्रणा करतात. महाराष्ट्रातील २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा मतदारसंघांच्या आजच्या सीमा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून ठरवल्या, २००८ मध्ये त्या अमलात आल्या आणि २००९ च्या निवडणुकांत राज्यात प्रथम वापरल्या गेल्या. जिल्हा परिषदेची रचना मात्र महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ खाली होते आणि तिचा नकाशा जिल्ह्यातच तयार होतो. म्हणूनच सामान्य ग्रामस्थाच्या म्हणण्याला येथे जितकी जागा आहे, तितकी विधानसभेच्या फेररचनेत नाही.

कायद्याच्या भाषेत जिल्हा परिषदेच्या एका सदस्याच्या क्षेत्राला निवडणूक विभाग आणि पंचायत समितीच्या सदस्याच्या क्षेत्राला निर्वाचक गण म्हणतात. बोलण्यात आपण गट आणि गण म्हणतो. प्रत्येक गटात बरोबर दोन गण असतात. त्यामुळे तालुक्यात पाच गट असतील तर पंचायत समितीवर दहा सदस्य निवडून जातात. पंचायत समिती तालुक्याची असल्याने गट तालुक्याची हद्द ओलांडत नाही. जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या ५० ते ७५ या मर्यादेत, जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते आणि मग ती तालुक्यांमध्ये वाटली जाते.

हे वाटप समजले की अर्धे काम झाले, म्हणून ते उदाहरणाने पाहू. समजा, जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या २१,६०,००० आहे आणि गट ६० आहेत; म्हणजे गटामागे ३६,००० माणसे आली. आपल्या तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या १,७६,००० असेल तर ३६,००० ने भागल्यावर ४.८९ येतात, म्हणून तालुक्याला पाच गट मिळतात. आता तालुक्यापुरती सरासरी काढायची: गटाला ३५,२०० आणि गणाला १७,६००. या सरासरीपासून साधारणतः दहा टक्के कमी किंवा जास्त एवढीच सूट असते, म्हणजे गण १५,८४० ते १९,३६० या दरम्यान बसला पाहिजे. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण पुढची प्रत्येक हरकत याच चौकटीत टिकते किंवा पडते.

हिशेबात धरायची लोकसंख्या जनगणनेची असते, मतदारांची नव्हे, आणि २०२५ ची रचनाही २०११ च्याच जनगणनेवर झाली. ‘आमच्या गावात आता दुप्पट वस्ती आहे’ हे म्हणणे खरे असले तरी त्याने आकडा बदलत नाही. शिवाय ही लोकसंख्या फक्त ग्रामीण असते. तालुक्याच्या ठिकाणची ग्रामपंचायत नगरपंचायत झाली की तिची सगळी माणसे हिशेबातून बाहेर पडतात, तालुक्याचा एखादा गट कमी होऊ शकतो आणि तिच्याभोवतालची गावे नव्याने इकडेतिकडे जोडावी लागतात. सीमा हलण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्यामागे कोणाचा तरी डाव असतोच असे नाही.

रचना उत्तरेकडून सुरू होते. तेथून ईशान्येकडे, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे असे सरकत शेवट दक्षिणेत होतो, आणि क्रमांकही त्याच ओघाने पडतात. वाटेत शक्यतो नदी, नाला, डोंगर, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता अशा ठळक खुणांची हद्द धरायची, गावे एकमेकांना लागून ठेवायची आणि ग्रामपंचायत फोडायची नाही, असे संकेत पाळले जातात. हा क्रम ध्यानात ठेवला तर एक गोष्ट आपोआप कळते: उत्तरेकडे एका गणात एखादे मोठे गाव जास्त गेले की त्याची भरपाई खाली सरकत जाते आणि दक्षिणेकडच्या शेवटच्या गणांत उरलेली, एकमेकांपासून लांबची गावे एकत्र येतात. विचित्र आकाराचे गण बहुधा तेथे सापडतात, म्हणून तालुक्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांनी प्रारूप अधिक बारकाईने पाहावे.

प्रारूप हाती आल्यावर केवळ आपला गण पाहून भागत नाही. आपला गण, त्याचा जोडीदार गण आणि ज्या शेजारच्या गणाकडे आपल्याला जायचे आहे तो गण व त्याचा जोडीदार, असे चारही गण कागदावर उतरवून घ्यावेत. प्रत्येकातील गावांची २०११ ची लोकसंख्या समोर लिहून बेरीज करावी आणि ती प्रारूपातील बेरजेशी ताडून पाहावी. येथे चुका सापडतात. गट ग्रामपंचायतीतील, म्हणजे अनेक गावांना मिळून असलेल्या एका ग्रामपंचायतीतील, एखादी वाडी महसुली नोंदीत दुसऱ्या गावाखाली असते. २०११ नंतर विभाजन होऊन झालेल्या ग्रामपंचायतीचा आकडा जनगणनेत स्वतंत्रपणे मिळत नाही, तो प्रगणक गटांवरून, म्हणजे जनगणनेच्या मोजणीसाठी पाडलेल्या लहान भागांवरून, वेगळा काढावा लागतो, आणि त्या वेळी एखादा प्रगणक गट दोनदा धरला जातो किंवा सुटतो. अशी चूक दाखवणारी हरकत सर्वांत भक्कम असते, कारण तिच्यावर मतभेदाला वावच नसतो.

पुढची पायरी म्हणजे नकाशा जमिनीवर तपासणे, आणि माझ्या मते येथे गावकऱ्यांइतके जाणकार दुसरे कोणी नाही. एका गावाची हरकत लिहायला मी मदत केली होती, तेव्हा नकाशात ते गाव शेजारच्या गणाला सरळ रस्त्याने जोडलेले दिसत होते. प्रत्यक्षात तो रस्ता ओढ्यावरच्या फरशी पुलावरून जातो आणि पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की गणातील मुख्य गावाला पोहोचण्यासाठी लांबचा वळसा पडतो. आमचा पहिला मसुदा ग्रामस्थांच्या तीव्र भावनांनी भरलेला होता. तो बाजूला ठेवून आम्ही दुसरा लिहिला: पुलाचे पाण्याखालचे छायाचित्र, दोन्ही बाजूंची अंतरे, ग्रामपंचायतीचा ठराव आणि चार गणांचा तक्ता. सुनावणीत आमच्या वाट्याला पाच मिनिटेही आली नाहीत. छायाचित्र पाहून झाल्यावर एकच प्रश्न आला: ‘हे गाव काढले तर तिकडचा गण किती राहतो?’ उत्तर तक्त्यातच होते, आणि गाव आमच्या मागणीप्रमाणे हलवले गेले.

तो तक्ता कसा करायचा हे वरच्याच उदाहरणावरून पाहू. आपले गाव १,९०० लोकसंख्येचे असून ते १८,७०० च्या गणात गेले आहे. आपल्याला १६,९०० च्या शेजारच्या गणात यायचे आहे. बदल केल्यास पहिला गण १६,८०० चा आणि दुसरा १८,८०० चा होतो, म्हणजे दोन्ही १५,८४० ते १९,३६० मध्ये राहतात. मग गटांकडे वळावे. पहिल्या गणाचा जोडीदार १७,३०० चा असेल तर तो गट ३६,००० वरून ३४,१०० वर येतो. दुसऱ्याचा जोडीदार १७,८०० चा असेल तर त्याचा गट ३४,७०० वरून ३६,६०० वर जातो. गटाची मर्यादा ३१,६८० ते ३८,७२० असल्याने येथेही बाधा येत नाही. बदलामुळे एखादा गण मर्यादेबाहेर जात असेल तर नुसती मागणी करून थांबू नये. त्या बदल्यात कोणते लगतचे गाव पलीकडे देता येईल हेही सुचवावे, आणि शक्य असल्यास त्या ग्रामपंचायतीची संमती सोबत जोडावी. पर्याय न देता केलेली मागणी फेटाळणे अधिकाऱ्याला फार सोपे जाते.

हरकतीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा सूचनेत नमूद केलेल्या तहसील कार्यालयात लेखी द्यावा आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. पोच नसलेली हरकत ही दिलेली हरकत नव्हे असेच समजावे. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात गटाचा व गणाचा क्रमांक, गावाचे नाव आणि नेमकी मागणी एका वाक्यात यावी. एका अर्जात एकच मुद्दा असलेला बरा. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या शंभर प्रती देण्यापेक्षा नीट लिहिलेला एक अर्ज आणि त्याला जोडलेला ठराव अधिक उपयोगी पडतो, कारण निर्णय अर्जांच्या संख्येवर होत नाही. अमुक पुढाऱ्याच्या सोयीसाठी गाव तोडले, असा आरोप तुम्हाला कितीही खरा वाटत असला तरी तो अर्जात घालू नये. तो सिद्ध करण्याचे ते ठिकाण नाही आणि त्यामुळे मुख्य मुद्द्यावरचे लक्ष उडते. त्याचप्रमाणे आरक्षणाचा विषयही येथे आणू नये, त्याची सोडत आणि त्यावरच्या हरकती पुढे स्वतंत्रपणे होतात.

२०२५ च्या पद्धतीत जिल्हाधिकारी प्रत्येक हरकतीवर आपला अभिप्राय लिहून प्रकरण विभागीय आयुक्तांकडे पाठवतात आणि सुनावणी घेऊन आयुक्त निर्णय देतात. सुनावणीला अर्जदाराने स्वतः जावे. तक्त्याच्या व नकाशाच्या दोन जादा प्रती सोबत न्याव्यात, आपले गाव व मागितलेली हद्द नकाशावर रंगीत पेन्सिलीने ठळक करावी, आणि बोलायला एकाच माणसाची निवड करावी. गेल्याबरोबर क्रमांक, गाव आणि मागणी सांगून तक्ता पुढे ठेवावा. या टप्प्याला एवढे महत्त्व आहे, कारण संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ मुळे रचनेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट फार अरुंद आहे.

अंतिम रचना प्रसिद्ध झाल्यावर आणखी एक तपासणी उरते आणि तिचा पुष्कळांना विसर पडतो. जिल्हा परिषदेसाठी वेगळी मतदारनोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी गट व गणनिहाय फोडली जाते. हे काम करताना हद्दीवरच्या वस्तीतील मतदार चुकून पलीकडच्या गणात जातात, म्हणजे गाव आपल्या गणात येऊनही त्यातली काही घरे बाहेर राहतात. प्रारूप मतदारयादी लागल्यावर गावाच्या कडेची वाडी, मळ्यातील घरे आणि नव्या वसाहतीतील नावे एकेक करून पाहावीत, आणि चुकलेली नावे अनुक्रमांकासह लिहून मुदतीत तहसीलदारांकडे स्वतंत्र हरकत द्यावी. पात्र असूनही यादीत नावच नसेल तर ते या हरकतीने येत नाही. त्यासाठी विधानसभेच्या यादीत आधीच नोंदणी झालेली असावी लागते.