बटेरच्या अंड्याचा बलक फिक्का पडला तर

मका महागला म्हणून बटेरच्या खाद्यात निम्मा मका काढून घरची ज्वारी टाकली, पक्षी मस्त खात होते, अंडीबी कमी नाही झाली, पण बलक पार पांढरट, धाबेवाला म्हणे भाऊ अंडी शिळी हायेत का. शिळी कायची! पिवळा रंग मक्यातून येते, ज्वारीत तो नसल्यासारखाच. मग शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरला, किलोमागं 50 ग्राम मिसळला, थोड्याच दिवसात रंग आला.

ज्वारी बारीक दळा, नाही तर हे लेकाचे जाडे दाणे वेचतात अन् भुकटी फीडरमंधी तशीच. सोयाबीन कच्चं नाही, भाजूनच. सरकीची ढेप इकडं सहज भेटते, पण अंड्यावरच्या पक्ष्याले मी देत नाही, सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्यानं बलक हिरवट पडते.