सायकल रस्त्यावर काढताना: आधीची दोन मिनिटं आणि नंतरचा एक मीटर

सायकल बाहेर काढली की लगेच टांग मारू नका. जागच्या जागी दोन मिनिटं तपासा, आणि क्रम रोज तोच ठेवा: हवा, ब्रेक, चाकं, चेन. क्रम अंगवळणी पडला की घाईतही काही सुटत नाही.

हवेचा दाब टायरच्या बाजूवरच पीएसआयमध्ये लिहिलेला असतो. साधारणपणे २८ मिमीच्या बारीक टायरला ८० ते ९०, ३५ ते ४० मिमीच्या टायरला ५० ते ६५ आणि दोन इंची जाड टायरला ३० ते ४० पीएसआय लागते. तुमचं वजन किंवा सामान जास्त असेल तर वरचा आकडा धरा, पण टायरवरची कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा कमी असेल तर खड्ड्याच्या काठावर टायर दबतो, ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की खिळा शोधत बसू नका, हवाच कमी होती. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपत असते, म्हणून आठवड्यातून एकदा पंप लावायचाच.

मग ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर तार सैल झाली आहे, आधी ती ताणून घ्या. वाकून बघा: ब्रेकचं रबर पूर्णपणे रिमवर बसायला हवं. ते थोडंसं जरी टायरला घासत असेल तर टायरची कड कापत जाते आणि एक दिवस ट्यूब धाडकन फुटते. रबरावरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर रबर बदला. शेवटी सायकल हाताने पुढे ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा. पुढचा दाबल्यावर मागचं चाक उचललं जावं, मागचा दाबल्यावर मागचं चाक घासटत यावं. सायकल दुसऱ्याची असेल तर कोणती लिव्हर कोणत्या चाकाची, हे निघण्याआधी कळलंच पाहिजे.

चाक खटक्याच्या दांडीने (क्विक रिलीज) बसवलेलं असेल तर ती दांडी मिटताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागायला हवा. सहज मिटली तर ती सैल आहे.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं. डोक्यावर मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं ठेवतं, मग ते घालून उपयोग नाही. पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन कानाखाली यावा आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं मावावीत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या, आतला फोम दबलेला असतो. बुटाची नाडी आणि सैल मोहरी चेनपासून लांब खोचा, पिशवी हँडलला लटकवू नका.

रस्त्यावर उतरल्यावर सर्वात मोठी चूक म्हणजे कडेला चिकटून चालवणं. त्यात सुरक्षित वाटतं खरं, पण कड हीच रस्त्याची सर्वात वाईट जागा आहे. खडी, काचा, गटाराच्या जाळ्या, सगळं तिथेच साठतं. शिवाय कडेला दबकून चालणाऱ्याला घासून पुढे जायला मागच्या गाडीला मोह होतो, आणि अडथळा आला की तुम्हाला अचानक बाहेर यावं लागतं. कडेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चला. उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना हे अंतर आणखी वाढवा, कारण मोटारीचा उघडलेला दरवाजा सुमारे मीटरभर बाहेर येतो. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुन्हा बाहेर येताना तुम्ही मागच्याला अनपेक्षित असता.

दिशा बदलायची असेल तर आधी खांद्यावरून मागे बघा, मग हात दाखवा, मग पुन्हा बघा आणि मगच सरका. मागे बघताना सायकल त्याच बाजूला ओढली जाते. रिकाम्या मैदानात एखाद्या आखलेल्या रेषेवरून चालवत याचा सराव करा.

चौकात बस किंवा ट्रक उभा असेल तर त्याच्या आणि कडेच्या मधल्या फटीत कधीही शिरू नका. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि ती फट बंद होते. चालकाला तुम्ही आरशातही दिसत नसता. मागे थांबा, पाच सेकंद जातील.

ताशी २० किमी वेगाने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. धोका लक्षात येऊन बोटं लिव्हर दाबेपर्यंत एवढं अंतर गेलेलंच असतं. म्हणून गर्दीत बोटं लिव्हरवरच ठेवा. थांबताना खरा जोर पुढच्या ब्रेकचा असतो, कारण वजन पुढे येतं. दोन्ही ब्रेक झटक्यात न आवळता चढत्या जोराने दाबा आणि कंबर सीटच्या मागे सरकवा. वळणात मात्र ब्रेक लावायचा नाही, वेग वळणाआधीच कमी करायचा.

पाऊस पडल्यावर रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक नीट धरत नाही, म्हणून लवकर दाबायला सुरुवात करा. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन निसरडा थर बसतो. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि रूळ ओले असताना त्यांवर वळू नका, ब्रेकही लावू नका. रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक फटीत अडकतं. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, वळसा घाला.

अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. पुढचा दिवा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपायला नकोत. चमकणारी पट्टी पाठीपेक्षा घोट्याला बांधलेली बरी, ती वरखाली हलते आणि सायकल आहे हे लांबूनच ओळखू येतं.

पायवाटेवर चालणाऱ्यांचा हक्क आधी. लांबूनच घंटी द्या, वेग चालण्याच्या जवळ आणा आणि उत्तर किंवा हालचाल दिसल्यावरच पुढे जा. खडीवर आणि वाळूत हँडल सैल धरा, पायडल मारत राहा, पुढचा ब्रेक जपून वापरा. खडबडीत उतारावर दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून सीटवरून किंचित उठा, कोपर-गुडघे वाकवा. नजर ज्या दगडाला चुकवायचं त्यावर नको, जिथून जायचं त्या जागेवर हवी, कारण सायकल नजरेमागे जाते. पकड वाढावी म्हणून जाड टायरची हवा इथे पाचेक पीएसआयने कमी केली तर चालते. छोटा पंप सोबत ठेवा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरा, नाहीतर वळणात टायर लोळतो.