पावसात शिवा, हंगामात विका: घरच्या मशीनवर स्कर्टचा धंदा

पहिला स्कर्ट शिवून पडवीतल्या दांडीवर टाकला, तेव्हा शेजारच्या काकी आल्या. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्या परकराक खिसो कित्याक गो?" मी म्हटलं, मोबाईल ठेवायला. त्या हसल्या. चौथ्या दिवशी स्वतःचा गाऊन घेऊन हजर. "माझ्या गाऊनाक पण एक लाय." आपला माल कशावर खपणार ते मला तिथेच कळलं.

स्कर्ट म्हणजे शेवटी परकरच, जरा नटलेला. त्याला कटोरी नाही, बाही नाही, मुंढा नाही. घरून सुरुवात करणारीला मी म्हणूनच ब्लाउजच्या आधी स्कर्ट सांगते. ब्लाउज जिचा तिलाच बसतो आणि उद्याच्या लग्नाला आजच हवा असतो. स्कर्टच्या कंबरेला इलॅस्टिक घातलं की एक माप चौघींना होतं आणि श्रावणात शिवलेला दिवाळीत विकता येतो. आपल्याकडे कोकणात पाऊस चार महिने आणि गिऱ्हाईक उरलेल्या आठ महिन्यांत, त्यामुळे हे फार सोयीचं पडतं.

आधी वर्ष आखून घ्या

भातलावणी उरकली की गणपतीपर्यंतचे दिवस शिवणाचे. तारकर्लीच्या होड्या बंद असतात, होमस्टे रिकामे असतात, पाहुणा फिरकत नाही. या दिवसांत निदान वीस-पंचवीस नग तयार व्हायला हवेत. गणपतीला चाकरमानी येतात, ती पहिली विक्री. मग दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना. या तीन वेळांना माल हातात नसेल तर पुढचं वर्ष उजाडेपर्यंत थांबावं लागतं. ऑर्डर आल्यावर शिवू म्हणणाऱ्या मुली डिसेंबरात रात्र रात्र जागतात आणि टिपा वाकड्या घालतात.

डिझाइन एकच

सुरुवातीला सहा प्रकार शिवायचा मोह होतो. तो आवरा. पहिले पन्नास स्कर्ट एकाच मापाचे, एकाच पद्धतीचे शिवा. फक्त कापड बदला. मी सांगते तो साधा चुण्यांचा, इलॅस्टिकच्या कंबरेचा, दोन खिशांचा आणि 32 इंच उंचीचा. पायघोळ स्कर्ट फोटोत छान दिसतो, पण पुळणीवर चालताना त्याचा घेर भिजतो आणि वाळू ओढत नेतो. नडगीपर्यंतचा स्कर्ट समुद्रावरही चालतो आणि मुंबईच्या लोकलमध्येही.

कापड साधं सुती घ्या, 44 इंच पन्ह्याचं, ना मलमलीइतकं पातळ ना चादरीइतकं जाड. उजेडात धरून मागे हात घाला. बोटं मोजता आली तर त्याला अस्तर लागेल आणि हिशोब बिघडेल. इचलकरंजीला किंवा मुंबईच्या मंगळदास मार्केटला कोणी जाणारं असेल तर एकेका छापाचं दहा-बारा मीटर मागवा. एका छापाचे पाच स्कर्ट झाले की पुढचा छाप. पण त्याआधी एक नमुना मादरपाटाचा, म्हणजे कोऱ्या जाडसर सुती कापडाचा, शिवा आणि स्वतः घालून दिवसभर घरात वावरा. खाली बसा, विहिरीवर जा, जिना चढा. कुठे काचतं ते असंच कळतं.

कापड भिजवल्याशिवाय कात्री लावू नका

हे मी पैसे मोजून शिकले. पहिल्या खेपेला बारा स्कर्ट कोऱ्या कापडाचे शिवले. सुंदर झाले होते. महिन्याभराने पुण्याच्या गिऱ्हाइकीणबाईंचा फोटो आला: पहिल्या धुण्यात उंची सव्वा इंच आटलेली आणि पांढऱ्या कंबरपट्टीवर निळा ओघळ. पैसे परत केले आणि उरलेले नग धुऊन, दुमड उसवून पुन्हा शिवले.

तेव्हा कापड आणल्याबरोबर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, सकाळी न पिळता निथळायचं, सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करायची. रंग जातो का ते पाहायला ओल्या कोपऱ्यावर पांढरा रुमाल जोर देऊन घासा. रुमाल रंगला तर ते कापड दुकानदाराला परत द्या, मीठ-तुरटीचे प्रयोग करत बसू नका. आणि लाल मातीच्या खळ्यात ओलं कापड वाळत घालू नये, हे कोकणातल्या बाईला सांगायची गरज नाही, तरी सांगते. एक झुळूक पुरते.

कापणं

एका स्कर्टला सव्वादोन मीटर लागतं. आटून ते 85 इंचांच्या आसपास उरतं आणि पुरेपूर वापरलं जातं. पूर्ण पन्ह्याचे 34 इंच उंचीचे दोन तुकडे घेराचे, साडेचार इंचांची पूर्ण पन्ह्याची एक पट्टी कंबरेची, आणि उरलेल्या 12 इंचांत 7 इंच रुंदीचे चार तुकडे खिशांचे. त्या शेवटच्या पट्टीत 16 इंच कापड शिल्लक राहतं. ते फेकू नका. नितंबांचं माप 40 च्या पुढे असेल तर कंबरपट्टी वर चढत नाही. त्यातलाच नऊ इंचांचा तुकडा साडेचार इंच रुंद कापून पट्टीला जोड द्यायचा. घेर तसाच ठेवा, चुण्या थोड्या कमी पडतील एवढंच.

तुकडे पूर्ण पन्ह्याचे घ्यायला आणखी एक कारण आहे. बाजूच्या शिवणी कापडाच्या मूळ किनारीवर येतात आणि किनारीचे धागे सुटत नाहीत. म्हणजे इंटरलॉक मशीन नसलं तरी अडत नाही, बाजारात जाऊन दर नगाला पैसे देणंही नको. फक्त किनार काही वेळा धुतल्यावर आखडते, म्हणून दर तीन इंचांवर तिला तिरकी बारीक चीर द्या.

शिवणं

सुई 14 नंबरची, नवी. गंजकी टाचणी तर घरातच ठेवू नका. खाऱ्या हवेत टाचण्या आठवड्यात तांबडतात आणि कापडावर पडलेला तो डाग जात नाही. टाचण्यांची डबी मी तांदळात ठेवते.

खिसे आधी. चारही तुकडे घेराच्या तुकड्यांच्या बाजूंना, वरची कड बरोबर जुळवून, सुलट बाजूवर सुलट ठेवून जोडा. मग दोन्ही घेर समोरासमोर ठेवून बाजूची टीप घाला: वरून दोन इंच सरळ, तिथे सुई उलट-सुलट चालवून पक्की, मग साडेसहा इंच तोंड उघडं सोडा, पुन्हा पक्की करून खालपर्यंत. त्यानंतर खिशाची पिशवी गोलाकार शिवा, दोन टिपा घालून, आणि तिच्या कडांवर झिगझॅग फिरवा. साध्या मशीनवर ते होत नसेल तर कड दुमडून टीप मारा. खिशाची वरची कड कंबरेच्या टिपेत धरलीच पाहिजे. ती मोकळी राहिली तर मोबाईल गुडघ्याशी झुलतो आणि बाई चालताना स्कर्ट एका अंगाला ओढला जातो.

चुण्यांसाठी मशीनची टीप सगळ्यांत लांब करा आणि वरच्या कडेला पाव इंचाच्या अंतराने दोन समांतर टिपा मारा. बाजूच्या शिवणींपाशी टीप तोडा, अखंड नको. आता घेर आणि कंबरपट्टी दोन्हींचे चार सारखे भाग करून खडूने खुणा करा, खुणेला खूण टाचा आणि मगच खालचे, म्हणजे बॉबिनचे, दोरे हळूहळू ओढा. खुणा न करता ओढणारीच्या सगळ्या चुण्या पोटावर येतात आणि नेसणारी गरोदर दिसते. हे माझ्या नणंदेचं निरीक्षण, आणि ते खरं आहे.

पट्टी जोडून, दुमडून, आत दीड इंची इलॅस्टिक सरकवा. कंबर 30 असेल तर इलॅस्टिक 28, अधिक जोडाला एक इंच. शिवणीपाशी आतल्या बाजूला दोन इंच जागा मशीनने बंद न करता हाताने तुरपून घ्या. पुढे गिऱ्हाइकीला ते सैल-घट्ट करता येतं, आणि हे तिला विकतानाच दाखवायचं. खाली दीड इंचाची दुमड, इस्त्री, धागे कापले की झालं.

पहिल्या स्कर्टला चार तास लागले तर घाबरू नका. सहा नगांची चळत एकदम कापा, एका दिवशी नुसते खिसे, दुसऱ्या दिवशी नुसत्या चुण्या. हात बसला की नगाला दोन तास धरून चाला. पायमशीन असेल तर मोटर लावा, पण पायाचा पट्टा जपून ठेवा. पावसात लाईट गेली की तोच कामाला येतो.

किंमत

इथे बायका स्वतःला फसवतात. माझ्या वहीतला हिशोब असा. कापड सव्वादोन मीटर, 140 रुपयांनी 315. इलॅस्टिक 20, दोरा आणि वीज 15, पिशवी 15. तुमचे दोन तास, तासाला 75 रुपये धरून 150. झाले 515. डाग पडलेले, न खपलेले यांच्यापोटी नगामागे 50 रुपये घाला, 565. आता हा स्कर्ट 650 ला विकावासा वाटेल. विकू नका. होमस्टेवाला किंवा बाजारातला दुकानदार 30 टक्के घेतो. 650 मधून तुमच्या हाती 455 येतात, म्हणजे मजुरीही बुडाली. 850 ठेवलेत तर त्याचे देऊन 595 उरतात. आणि दुकानात 850, घरी 650 असं कधीच करू नका. पाहुण्यांना ते कळतं आणि दुकानदार माल परत पाठवतो.

विकायचं कुठे

जवळच्या तीन होमस्टेंमध्ये चार-चार नग ठेवा. वहीत नोंद, मालकाची सही, दर एक तारखेला मोजणी. सगळ्यांत जास्त माझा माल तिथे जातो, कारण मुंबईहून जीन्स घालून आलेली पोर दुसऱ्या दिवशी घामाने त्रासलेली असते. आंगणेवाडीच्या जत्रेत गर्दी लाखाची, पण तिथे 850 चा स्कर्ट कोणी हातात धरत नाही. जत्रेला आणि गणपतीला लहान मुलींचे परकर-पोलके न्या. त्यासाठी खण आणा आणि ऑर्डरी श्रावणातच घ्या.

फोटो भर दुपारी समुद्रावर काढू नका, रंग पांढरट येतो. सकाळी आठ-नऊला चिऱ्याच्या भिंतीपाशी, सावलीत, खिशात हात घातलेला एक आणि कापडाचा जवळून एक. खाली कंबर, नितंब आणि उंची इंचांत लिहा. पैसे आधी, मग पार्सल. कोणी अनोळखी माणूस "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांपर्यंत असेल तर राज्यातल्या विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र गोवा, बंगळूर असा राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर ही मर्यादा लागू होत नाही, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारा. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे: अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत 5 टक्क्यांनी, पण घरातल्या एकालाच. अर्जाची सध्याची स्थिती सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात तिथे, कळेल. शिवण नव्याने शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा, प्रशिक्षण मोफत असतं.

मे संपताना जे नग उरतील ते दिवसभर कडक ऊन दाखवून, पूर्ण थंड करून, जुन्या सुती साडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट हवा कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ऑगस्टमध्ये चांगली उघडीप मिळाली की पेटी एकदा उघडा आणि प्रत्येक स्कर्टचा वास घ्या, खिशांच्या आतला सुद्धा.