मूसच्या शिकारीची सोडत: अर्ज कसा भरावा आणि त्याआधी कळपाची अवस्था कशी ओळखावी

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांत मूसची शिकार करायची तर बंदूक आणि हौस असून भागत नाही. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या सोडतीत नाव निघावं लागतं. मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. खांद्यापाशीच सहा फूट उंच, आणि पूर्ण वाढलेला नर साडेचारशे किलोपर्यंत जातो. एका शिकारीत घरभर वर्षाचं मांस होतं, म्हणून इथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या सोडतीची वाट पाहतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली. त्यामुळे बॉस्टन किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच: मूस कमी होतायत म्हणता, मग सरकार मारायचे परवाने का वाटतं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घेतल्याशिवाय अर्ज भरू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून अर्जाच्या पायऱ्या थोड्या नंतर.

पायरी 1: परवान्यांचे आकडे वाचायला शिका

म्हाडाच्या सोडतीत जेवढी घरं, तेवढ्यांचीच नावं निघतात. इथे तो आकडा जंगलात ठरतो. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून केलेली मोजणी, गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर लावलेल्या पिल्लांपैकी वसंतापर्यंत किती जगली, माद्यांना किती पिल्लं होतायत, हे सगळं पाहून जीवशास्त्रज्ञ दरवर्षी परवाने सुचवतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कळपाची हकिकत दिसू लागते.

न्यू हॅम्पशायरचं उदाहरण सरळ आहे. 1988 मध्ये 75 परवान्यांनी सुरुवात झाली, 2007 मध्ये ते 675 वर गेले, आणि आता पन्नासच्याही खाली आले आहेत. नव्वदीच्या दशकात राज्यात साडेसात हजारांच्या आसपास मूस होते. आज अंदाज तीन-चार हजारांचा आहे. मूस घटले तसे परवाने घटवले.

मिनेसोटा आणखी पुढे गेलं. तिथल्या ईशान्य भागात 2006 मध्ये 8,840 मूस असल्याचा अंदाज होता, 2013 मध्ये 2,760 चा. त्याच वर्षी राज्याने सोडत थांबवली आणि ती अजून सुरू झालेली नाही.

मेनचा आकडा मात्र नीट पाहावा लागतो. 1935 पासून बंद असलेली शिकार तिथे 1980 मध्ये 700 परवान्यांनी पुन्हा सुरू झाली. 2013 मध्ये परवाने चार हजारांवर होते, 2017 मध्ये 2,080 वर आले आणि 2023 मध्ये पुन्हा 4,105 झाले. हे पाहून कुणीही म्हणेल की मूस सावरले. तसं झालेलं नाही. शिकारीसाठी राज्याचे नंबर दिलेले विभाग पाडलेले आहेत, आणि वाढलेल्या परवान्यांतले बरेचसे वायव्येकडच्या चार नंबरच्या विभागातल्या माद्यांसाठी आहेत. कळप मुद्दाम विरळ करण्यासाठी ते दिलेले आहेत, आणि त्याचं कारण आहे गोचीड.

पायरी 2: गोचिडीचं गणित समजून घ्या

आपल्या गोठ्यातली गोचीड सगळ्यांना माहीत आहे. ही तिचीच हिवाळी बहीण. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तिच्या खसखशीएवढ्या अळ्या झुडपांच्या शेंड्यावर चढतात आणि एकमेकींच्या पायांत पाय अडकवून गुच्छ करून बसतात. मूस अंग घासून गेला की गुच्छच्या गुच्छ त्याच्या केसांत शिरतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण स्वतःला चाटून, कुरतडून या गोचिडी काढून टाकतं. मूसला ते तितकंसं जमत नाही. त्यातून शेपूट एवढीशी, तिने काय वारणार? गोचीड सबंध हिवाळा त्याच एका जनावरावर काढते, कात टाकते, वाढते आणि मार्च-एप्रिलमध्ये गोचिडीच्या माद्या रक्ताने टम्म फुगून खाली पडतात.

न्यू हॅम्पशायर आणि मेनमध्ये 2014 ते 2016 या काळात कॉलर लावलेल्या 179 पिल्लांपैकी 125 दगावली. एका पिल्लाच्या अंगावर सरासरी 47,000 हून जास्त गोचिडी होत्या. वर्षही न भरलेल्या पिल्लाच्या अंगात जेवढं रक्त, जवळपास तेवढं सगळं काही आठवड्यांत जातं. ज्या दिवसांत खायला फक्त सुक्या काड्या असतात, त्याच दिवसांत हे घडतं. मोठी मादी सहसा वाचते, पण खंगते, आणि मग तिला पिल्लं कमी होतात.

एप्रिलमधला असा मूस एकदा पाहिला की विसरता येत नाही. झाडांना अंग घासून घासून त्याचे काळपट केस तुटलेले असतात, उरतात ते मुळाकडचे पांढुरके खुंट. मान आणि खांदे तर जवळजवळ उघडे. इथले लोक त्याला भूत-मूस म्हणतात.

यात हवामानाचा हात सरळ आहे. बर्फ लवकर पडला की झुडपांवरच्या अळ्या मरतात. तो लांबला की त्यांना मूस गाठायला आणखी काही आठवडे मिळतात. वसंतात गोचिडीची फुगलेली मादी बर्फावर पडली तर मरते, उघड्या पालापाचोळ्यावर पडली तर अंडी घालते. आता शरद लांबलाय आणि वसंत लवकर येतोय, म्हणजे दोन्ही टोकांना गोचिडीचीच चंगळ.

आता माद्यांच्या परवान्यांचं कारण लक्षात येईल. एवढ्याशा जागेत मूस दाटीने असले की प्रत्येक झुडपाखालून कुणी ना कुणी जातंच आणि गोचीड उपाशी राहत नाही. दाटी कमी केली तर गोचीडही कमी होईल, उरलेली पिल्लं जगतील, हा तर्क. मेनने 2021 पासून चार नंबरच्या विभागाचे दोन भाग करून एका भागात माद्यांची शिकार वाढवली आणि दुसरा भाग तुलनेसाठी ठेवला. व्हरमाँटनेही हाच मार्ग धरला. 2019 मध्ये तिथे एकही परवाना नव्हता. 2020 मध्ये ईशान्य कोपऱ्यातल्या एकाच पट्ट्यासाठी 55 दिले, 2023 मध्ये 180. त्या पट्ट्यात चौरस मैलाला साधारण एक मूस उरावा, असं त्यांचं उद्दिष्ट आहे.

मादी मारून कळप वाचवायचा ही कल्पना मलाही सहज पटलेली नाही. पण एप्रिलमध्ये तडफडून मरणाऱ्या पिल्लांचा आकडा पाहिल्यावर ‘काहीच करू नका’ हेही म्हणवत नाही. प्रयोग नीट मोजून होतोय, आणि त्याला माझा पाठिंबा आहे.

सगळीकडे हेच औषध चालणार नाही. मिनेसोटात गोचिडीबरोबर मेंदूतल्या जंताचा मोठा त्रास आहे. हा जंत पांढऱ्या शेपटीच्या हरणात निमूट राहतो. हरणाच्या लेंड्यांतून तो गोगलगाईत जातो आणि पाल्याबरोबर गोगलगाय खाल्लेल्या मूसच्या मेंदूत शिरतो. मूस मान वाकडी करून गोल गोल फिरत राहतो आणि मरतो. हिवाळे सौम्य झाले की हरणं उत्तरेकडे सरकतात आणि जंतही त्यांच्याबरोबर जातो. तिथे मूस विरळ करून काहीच साधणार नाही.

पायरी 3: तुम्ही पात्र आहात का ते तपासा

मेनचा हिशेब धरून सांगतो, कारण परवाने तिथेच सगळ्यात जास्त आहेत. सोडतीचा अर्ज राज्याबाहेरच्यालाही भरता येतो, पण बाहेरच्यांच्या वाट्याला साधारण दहा टक्केच परवाने येतात. शिकारीचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. त्यासाठी शिकारी सुरक्षा कोर्सचं प्रमाणपत्र किंवा पूर्वीचं मोठ्यांचं लायसन्स दाखवावं लागतं. कोर्सच्या जागा भरून जातात, म्हणून नाव लवकर घाला.

एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकारी लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक ‘जरा हातात घेऊन बघू’ असंही लायसन्सशिवाय करू नका, आणि आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एका फोटोपायी व्हिसा धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

पायरी 4: अर्ज भरा

अर्ज ऑनलाइन असतो. एप्रिलमध्ये सुरू होतो, मेच्या मध्याला बंद होतो. स्थानिकाला 15 डॉलरमध्ये एक संधी मिळते. बाहेरच्याला जास्त पैसे भरून जास्त संधी घेता येतात. शुल्क बदलतं, म्हणून भरण्याआधी वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

अर्जात तुमच्या पसंतीचे विभाग क्रमाने द्यायचे असतात, आणि कोणता परवाना हवा तेही: नर, बिनशिंगी किंवा कोणताही. बिनशिंगी म्हणजे मुख्यतः मादी किंवा पिल्लू. बहुतेकांना भिंतीवर टांगायला शिंगं हवी असतात, त्यामुळे नराच्या परवान्यावर उड्या पडतात. माझी विनंती आहे की गोचिडीच्या पट्ट्यातला बिनशिंगी परवाना चालेल का, या रकान्यात विचार करून ‘हो’ लिहा. नंबर लागायची शक्यता वाढते, मांस चांगलं मिळतं आणि ज्या कामासाठी परवाने काढले ते काम होतं. सोबत येणाऱ्या सहशिकाऱ्याचं नाव अर्जातच द्यायचं असतं.

अर्जदार सत्तर हजारांच्या आसपास आणि परवाने चार हजार, तेव्हा पहिल्याच वर्षी नाव निघेल या भरवशावर सुट्ट्या टाकू नका. नाव न लागलेल्यांना दरवर्षी बोनस पॉइंट मिळतात आणि वर्षं वाढतील तसे ते जास्त वेगाने वाढतात. सोळाव्या वर्षापासून वर्षाला दहा. सोडत जूनमध्ये जाहीर कार्यक्रमात होते. एखाद्या गावाच्या मैदानावर शेकडो नावं वाचली जातात आणि लोक खुर्च्या टाकून ऐकत बसतात.

पायरी 5: नाव निघालं तर

आधी परवान्याचे पैसे भरा. स्थानिकाला 52 डॉलर, बाहेरच्याला 585. मग आपला विभाग पायाखाली घाला. उत्तर मेनमधले रस्ते बहुतेक लाकूड कंपन्यांच्या मालकीचे आहेत. नाक्यावर नोंद करावी लागते आणि लाकडाच्या ट्रकला नेहमी वाट द्यायची असते. रविवारी शिकार बंद. केशरी कपडे सक्तीचे.

सगळ्यात कठीण काम गोळी लागल्यानंतर सुरू होतं. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारी ऊन असतं, आणि एवढं मोठं धूड आतून तासन्‌तास गरम राहतं. पोट लगेच साफ करा, कातडं काढा, तुकडे करून बर्फात ठेवा. दोर, कप्पी, चांगल्या धारेच्या सुऱ्या, मांसाच्या जाळीदार पिशव्या आणि किमान चार माणसं हवीत. खाटीक आधीच ठरवून ठेवा, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच गर्दी असते. मूसचं यकृत आणि मूत्रपिंड खाऊ नका. त्यात कॅडमियम साठतं आणि राज्याच्या आरोग्य विभागानेच तसं बजावलंय. मांस जास्त झालं तर गरजूंना पोचवणारे कार्यक्रम आहेत, तिथे द्या.

पायरी 6: नोंदणी केंद्रावर घाई करू नका

मारलेला मूस नोंदणी केंद्रावर नेणं बंधनकारक आहे. बहुतेकांना तिथे लवकर शिक्का मारून घरी जायचं असतं. पण हे केंद्रच या व्यवस्थेचा कणा आहे. समोरचा एक दात काढतात. तो कापून त्यातली वलयं मोजली की वय कळतं. जीवशास्त्रज्ञ हजर असतील तर केस बाजूला सारत अंगावरच्या ठरलेल्या जागी गोचिडी मोजतात. मादी असेल तर अंडाशय मागतात, त्यावरून तिला पिल्लं किती होणार होती याचा अंदाज येतो. पोट साफ करताना हा भाग फेकू नका. बर्फावर, पिशवीत, वेगळा ठेवा. पुढच्या वर्षी किती परवाने निघणार, हे अशाच पिशव्यांवरून ठरतं.

पायरी 7: शिकार करायची नसेल तर

तरीही करण्यासारखं पुष्कळ आहे. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट हरणांच्या शिकाऱ्यांना हंगामानंतर विचारतात की जंगलात किती तास होता आणि किती मूस दिसले. कळपाचा अंदाज या उत्तरांवरून बांधला जातो. ओळखीत कुणी हरणांचा शिकारी असेल तर त्याला हा फॉर्म भरायला लावा. न्यू हॅम्पशायरमध्ये राहत असाल तर गाडीला मूसच्या चित्राची नंबरप्लेट घ्या. तिचे पैसे राज्यातल्या निसर्ग आणि वारसा जपण्याच्या कामांना जातात.

उत्तरेकडे संध्याकाळी गाडी चालवताना वेग कमी ठेवा. मूसचं धड हेडलाइटच्या झोताच्या वर असतं आणि काळपट अंग अंधारात दिसत नाही. धडक बसली तर पाय तुटून सगळं वजन काचेवर येतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये केस झडलेला मूस दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. पळायला लावलंत तर त्याची उरलीसुरली ताकद त्यातच जाते. लांबूनच जागा आणि तारीख टिपून राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा.