‘जायचो, यायचो’ खोडा: लहानपणच्या आठवणीतून वर्गासाठी गोष्ट लिहिताना

शिक्षकांनी आठवणीवरून लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी पहिल्या चार ओळींतच फसतात. त्या साधारण अशा सुरू होतात:

‘दरवर्षी येळवसीला आम्ही बैलगाडीनं शेतात जायचो. आई भज्जी करायची, मडक्यात आंबील असायची. कडब्याच्या कोपीत पंगत बसायची. खूप मजा यायची. आता ते दिवस राहिले नाहीत.’

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात जाऊन जेवायचा सण. लातूर-धाराशिवकडच्या मोठ्या माणसाला हे वाचून गलबलून येईल. तिसरीतलं लेकरू मात्र तिसऱ्या वाक्याला खिडकीबाहेर बघायला लागतं. दोष क्रियापदांत आहे. जायचो, करायची, बसायची, हा सगळा रीतिभूतकाळ. त्यात सगळं नेहमीच घडतं, त्यामुळे अमुक एका दिवशी काय झालं ते कळतच नाही. शेवटचं वाक्य तर मुलाला सांगतं की बाबा, तू उशिरा जन्मलास.

म्हणून पहिला मसुदा झाला की लाल पेन घ्या आणि ‘-यचो, -यची, -यचं’ अशी सगळी रूपं अधोरेखित करा. पानभरात पाचपेक्षा जास्त निघाली तर हातात अजून आठवणच आहे. ‘त्या दिवशी’ एवढं लिहा आणि तिथून साध्या भूतकाळात या: गेली, सांडलं, पळाला. सुरुवातीला एखादं ‘जायचो’ राहिलं तर बिघडत नाही, पण दुसऱ्या वाक्यापर्यंत काहीतरी घडलं पाहिजे.

साहित्य कसं जमवायचं

‘माझं बालपण’ असा मथळा देऊन बसलात तर निबंध निघतो. त्यापेक्षा दहा मिनिटं लावून वहीत फक्त २० वस्तू लिहा. माळवदाचं सवणं, भिंतीतलं धान्याचं बळद, कडब्याची गंजी, आडाचा रहाट, पोळ्याचं बाशिंग, शेतातल्या आखाड्यावरची बाज, बाजारातून आलेली शेव-चिवड्याची पुडी. मग प्रत्येक वस्तूसमोर चार प्रश्न विचारा: हिच्यावरून कुणाशी भांडण झालं? हिची भीती कधी वाटली? हिच्यापायी खोटं काय बोललो? ही फुटली, हरवली, सांडली तेव्हा काय केलं? बहुतेक वस्तूंसमोर काहीच सुचत नाही, त्या सोडून द्या. चार-पाच वस्तूंपाशी पेन थांबत नाही. गोष्टी तिथेच आहेत.

निवडताना एवढंच बघा की वर्गातल्या मुलांच्या वयाचं पात्र स्वतः काही करतं का, आणि सगळं एका दिवसात बसतं का. ‘आजोबांचा स्वभाव’ हा विषय एका दिवसात बसत नाही. आजोबांचा चष्मा बळदात पडला, हा बसतो.

येळवसीची गोष्ट, पुन्हा

आता वरचाच परिच्छेद घेऊ. मार्गशीर्ष अमावस्येचं सगळं वर्णन बाजूला ठेवून वस्तू एकच उचलायची: आंबिलीचं बिंदगं, म्हणजे वरचं ते मडकं.

‘राणीच्या मांडीवर बिंदगं होतं. “दोन्ही हातांनी धर,” माय म्हणाली. गाडी पांदीत शिरली. चाक दगडावर चढलं, धाडकन उतरलं. बिंदगं कलंडलं. राणीनं आत वाकून पाहिलं. अर्धीच आंबील उरली होती.’

बैलगाडी, पांद, बिंदगं हे सगळं आलं, पण वर्णनासाठी एकही वाक्य खर्ची पडलं नाही. आता पुढे काय, इथे बहुतेकांचा हात चुकतो. माय म्हणाली, “असू दे गं,” की गोष्ट संपली. आजीनं दुसरं बिंदगं काढलं तरी संपली, कारण अडचण मोठ्या माणसानं सोडवली. राणीच्या वयाची पोर खरं काय करेल? बिंदगं कडब्याआड लपवेल.

आणि पुढची वाट येळवसच दाखवते. त्या दिवशी शेतात आलेल्या कुणालाही जेवायला बोलावतात, उपाशी परत पाठवत नाहीत. राणी बिंदगं घेऊन शेजारच्या वावरात जाते. आंबील मागायच्या आधीच तिला पानावर बसवतात. भज्जी खावी लागते, मग ओंजळभर आंबील मिळते. पुढच्या कोपीत तेच, त्याच्या पुढच्या कोपीतही तेच. बिंदगं भरतं, पोटही भरतं. आपल्या कोपीत येते तर पंगत मांडलेली. “काहून जेवंना गं?” माय विचारते.

इथेच थांबा. ‘म्हणून नेहमी खरं बोलावं’ असं लिहायला हात शिवशिवतील, पण ते वाक्य आलं की मुलांना समजतं की ही गोष्ट नव्हतीच, धडा होता. रीत कथेला कशी उपयोगी पडली तेही बघा. ‘येळवसीला सगळ्यांना जेवू घालतात’ असं माहिती म्हणून लिहिलं असतं तर ते कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. इथे त्या रीतीशिवाय राणीचं बिंदगं भरतच नाही.

किती लांब, किती सोपं

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या अभियानातल्या लक्ष्यांनुसार पहिलीत चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचता यावेत. म्हणजे ३०० शब्दांची गोष्ट तिसरीतल्या मुलाला पाच मिनिटं पुरते. स्वतः वाचायला तिसरी-चौथीसाठी २५० ते ४०० शब्द ठीक. पहिली-दुसरीला सहा ते आठ पानं, पानाला एक वाक्य. शिक्षक मोठ्यानं वाचणार असतील तर दुप्पट लांबी चालते, कारण कानाला जे झेपतं ते डोळ्याला अजून झेपत नसतं.

पहिलीसाठी जोडाक्षरं मोजा. ज्ञानेश्वर, कृष्णा, प्रज्ञा ही नावं गोड, पण पानोपानी अडवतात. राणी, समीर, गंगा, सलीम अशी ठेवा. ‘स्वयंपाक करत होती’ऐवजी ‘भाकर थापत होती’ लिहिलं की जोडाक्षरही जातं आणि चित्रही दिसतं.

बोली कुठे, प्रमाण कुठे

निवेदन पाठ्यपुस्तकाच्या जवळ आणि संवाद घरच्या बोलीत, ही वाटणी सहसा जमते. ‘झालं’ लिहायचं की ‘झाले’, हे एकदाच ठरवा. एका पानावर दोन्ही आलं की नुकतं वाचायला लागलेलं मूल गोंधळतं. अवघड शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका, कृतीतून दाखवा. ‘सवण्यातून उन्हाचा गोल जमिनीवर पडला. गंगानं त्यावर पाय ठेवला.’ स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलालाही सवणं म्हणजे काय ते कळतं.

एक खोड मात्र मोडायलाच हवी. गुरुजी आणि डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतात, आणि बोली फक्त गडी, भाजीवाली किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. वर्गातलं लेकरू घरी तीच बोली बोलतं, आणि कुणाला हसायचं हे ते गोष्टीतूनच शिकतं. बंजारा तांड्यावरची मुलं वर्गात असतील तर त्यांच्या गोरमाटी बोलीतला एखादा शब्द त्यांनाच विचारून घाला.

काय गाळायचं

मास्तरांच्या छड्या. मोठ्यांच्या गप्पांत त्या गमतीच्या असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ नं शाळेत मारायला बंदी आहे, आणि हातात पुस्तक धरून तुम्ही छडीला गंमत म्हणताय हे मुलांना दिसतं. पाठीला डबा बांधून विहिरीत मारलेली उडीही जपून लिहा. काठावर दोर धरलेला मोठा माणूस नसेल तर ते पान एखादं पोरगं करून बघेल. गावातली टोपणनावं, म्हणजे लंगडा, बहिरा, काळ्या, आणि आडनावं काढा. माणूस हयात असेल तर नाव आणि नातं बदला, आणि शक्य असेल तर त्याला विचारा.

१९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या आठवणी टाळायच्या नाहीत, पण पाचवीच्या आधी घेऊ नका. घेतल्या तरी मध्यभागी मृत्यू नको, मुलाच्या हातातलं काम असू द्या: रांगेतली आपली घागर सांभाळणं, तंबूत शाळेची पाटी शोधणं. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाची गोष्ट लिहिताना दया गाळा. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारं ते मूल तुमच्याच वर्गात बसलेलं असतं, आणि त्याला फडावरचं जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नसतं. त्यालाच विचारून दुरुस्त करा.

वर्गात तपासणी

‘आवडली का?’ विचारलं की चाळीस जण एका सुरात ‘हो’ म्हणतात. त्याचा उपयोग शून्य. मोठ्यानं वाचताना मुलं जिथे चुळबूळ करतात तिथे समासात टिंब करा. दोन वेगळ्या वर्गांत त्याच जागी टिंब पडलं तर तो परिच्छेद उडवा. दोनतृतीयांश गोष्ट झाली की थांबून ‘आता राणी काय करील?’ विचारा. कुणीच काही सुचवलं नाही तर अडचण नीट कळलेली नाही. सगळ्यांनी एकच सुचवलं तर शेवट फार ओळखीचा आहे. दुसऱ्या दिवशी चित्र काढायला सांगा. बिंदग्याऐवजी सगळ्यांनी नुसती बैलगाडीच काढली असेल तर तुमचं वर्णन गोष्टीवर चढलं आहे.

पुस्तिका

ए४ कागद आडवा धरून तीनदा निम्मा घडी घाला, आठ घरं पडतात. कागद उघडा, मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन घरांइतकी, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, चीर द्या. मग लांबीत निम्मा दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांची पुस्तिका होते, ना पिन ना डिंक. पानांचा क्रम पाठ करू नका: आधी कोऱ्या कागदाची पुस्तिका करून पेन्सिलीनं आकडे टाका आणि उघडून बघा. एक ओळ उलटी छापावी लागते, आणि बहुतेकांचा पहिला गठ्ठा तिथेच वाया जातो. ए४ चं पान जेमतेम साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटर होतं, ते तिसरी-चौथीला पुरतं. पहिली-दुसरीसाठी तेच ए३ वर मोठं करून झेरॉक्स काढा. चित्रं जाड रेघांची, छाया न भरलेली काढा, कारण राखाडी भाग झेरॉक्समध्ये काळाकुट्ट होतो. शेवटचं पान कोरं ठेवा आणि वर एवढंच छापा: ‘आमच्या घरातली एक जुनी वस्तू’. ते भरून आलं की पुढच्या गोष्टीसाठी वस्तूंची यादी आयती मिळते.