मूर्तिपूजा ओळखताना होणाऱ्या चुका : या टाळा

चर्चमध्ये मूर्तिपूजेवर संदेश (प्रवचन) सुरू झाला की मंडळीतल्या बहुतेकांची नजर खिडकीबाहेर जाते. शेजारचा गणपती, ऑफिसातला सत्यनारायण, कॅथलिकांच्या देवळातले पुतळे. पहिली चूक हीच. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात संदेष्ट्यासमोर येऊन बसलेली माणसं परकी नव्हती. ते इस्राएलाचेच वडील, म्हणजे पुढारी, होते आणि मूर्ती त्यांच्या हृदयात होत्या. ऑफिसातला प्रसाद घ्यावा की नाही, यावर तरुण संघात तासभर वाद रंगतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ व्या आणि १० व्या अध्यायांत त्याबद्दल लिहिलं आहे, ते जरूर वाचावं. पण त्याच पौलाने कलस्सै ३:५ मध्ये लोभालाच मूर्तिपूजा म्हटलं आहे, त्यावर कुणी पाच मिनिटंही बोलत नाही.

देवाचं नाव घेतलं की झालं

सोन्याचं वासरू उभं केल्यावर मोशेचा भाऊ अहरोन याने दवंडी पिटली ती परमेश्वराच्या उत्सवाची (निर्गम ३२:५). नाव बरोबर होतं, समोर वासरू होतं. देवाने आपल्यासाठी काय केलं हे मंडळीपुढे सांगतो, त्या आपल्या साक्षींचं कधीकधी तसंच होतं. फ्लॅट, गाडी, कॅनडाचा व्हिसा यांची यादी लांबत जाते आणि शेवटी 'प्रभूची स्तुती असो'. व्हिसासाठी प्रार्थना करण्यात वावगं काहीच नाही. तपासायचं असेल तर एवढंच बघा : व्हिसा नाकारला गेल्यावर पुढच्या रविवारी तुम्ही चर्चच्या बाकावर असता का? की 'मी दशमांश (कमाईचा दहावा भाग) देत होतो, मग असं का?' असा हिशोब मनात सुरू होतो?

वस्तूतच सामर्थ्य आहे असं मानणं

ही चूक सगळ्यात चिवट, कारण तिची सुरुवात शास्त्रातूनच होते. आजाऱ्याला तेल लावून मंडळीच्या वडिलांनी (पुढाऱ्यांनी) प्रार्थना करावी, हे याकोब ५:१४ मध्ये आहे. तिथून आपण कुठे पोचलो? एखाद्या मोठ्या सभेतून आणलेली तेलाची बाटली फ्रिजवर ठेवलेली असते. ताप आला की तेल, मुलाखतीला जाताना कपाळाला तेल, दुकानाच्या उंबऱ्याला तेल. बाटली संपत आली की जीव खालीवर होतो. नेमकं इथे थांबून विचार करावा. प्रार्थना राहून गेली तर चालतं आणि तेल राहून गेलं तर चालत नाही, अशी वेळ आली असेल तर काम बिघडलंय.

पितळेच्या सापाचं हेच झालं. तो मोशेने परमेश्वराच्याच सांगण्यावरून केला होता (गणना २१). साप चावलेली माणसं त्याच्याकडे बघून वाचली होती. पुढे कित्येक पिढ्यांनी इस्राएल लोक त्याच सापाला धूप जाळत होते आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). मोशेच्या हातची वस्तू फोडायची म्हणजे त्या राजाची छाती म्हणायची! कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, हीसुद्धा लोकांनी अशीच तावीजासारखी रणात नेली. ३०,००० पायदळ पडलं आणि कोश शत्रू पलिष्टी घेऊन गेले (१ शमुवेल ४).

तेव्हा बाटलीचं काय करायचं? काही दिवस नुसती प्रार्थना करा. बेचैनी फारच वाढली तर ते तेल सरळ भाजीच्या फोडणीला वापरा. मी हे थट्टेने सांगत नाही.

सगळंच फोडायला निघणं

संदेश ऐकून काहीजण घरी जाऊन टीव्ही बंद करतात, मोबाईल कपाटात टाकतात आणि आठवड्यात दोन्ही परत सुरू. मुलं, नोकरी, आईवडील या मूर्ती झाल्या तरी फोडता येत नाहीत, त्यांना त्यांच्या जागेवर आणावं लागतं. 'दहावीचं वर्ष आहे हो पाळकसाहेब, यंदा रविवारी क्लास असतो,' हे प्रत्येक मंडळीत ऐकू येतं. क्लासच्या सरांना एकदा सांगून बघा, रविवारी सकाळी मुलगी येणार नाही. सांगताना पोटात केवढा गोळा येतो, त्यावरून परीक्षेला घरात कोणतं स्थान मिळालंय ते कळेल. सर बहुतेकदा दुसरी बॅच देतात, ही गोष्ट वेगळी.

पैशाचं औषध मात्र जुनंच आहे : कुणाला न कळता देणं (मत्तय ६). पावती नको, फलकावर नाव नको, बाकावर 'यांच्या स्मरणार्थ' नको.

मंडळीचीच मूर्ती करणं

आवडत्या उपदेशकाची चूक दाखवली की राग येतो, हे एक लक्षण. आपल्या पंथाबाहेरच्या माणसाची प्रार्थना 'खरी' वाटत नाही, हे दुसरं. पण मराठी मंडळ्यांत सगळ्यात जास्त धूप जळतो तो जमिनीपुढे. मिशनच्या काळातले कंपाउंड, ट्रस्टच्या निवडणुका, दोन्ही गटांचे वकील, आणि वर्षानुवर्षं प्रभुभोजनाला एकमेकांकडे न बघणारी माणसं. मालमत्ता सांभाळू नये असं नाही, लांडगे खरेच असतात. पण पुढच्या कमिटी बैठकीत इतिवृत्ताआधी १ करिंथ ६:७ मोठ्याने वाचा. त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, असं पौल तिथे विचारतो. वाचन झाल्यावर कुणी लगेच 'पण' म्हणून सुरुवात केली, ते इतिवृत्तात लिहून घ्या.